तात्यांची सोमवारची दालचिनी

घाम गार होता. तेवढंच मला कळलं. तात्यांचा हात माझ्या हातात होता आन् तो नळाखालनं काढल्यासारखा ओला, गार. धण्याच्या पोत्याला टेकून बसलेला माणूस एकाएकी कलला, टोपी मिरचीच्या पाटीत पडली, डोळं उघडं होतं पर कुणाकडं बघत नव्हतं. मी हाका मारतीय, तात्या, अवो तात्या, तर ते माझा हात झिडकारून मला शिव्या द्यायला लागले. ज्या माणसानं मला कधी 'पोरी' सोडून दुसरी हाक मारली न्हाय, ते.

मागं डंक धाडधाड चालूच. बंद करायचं कुणाच्या ध्यानातच येईना. मसाला कुटायला आलेल्या चार बाया आन् चार तऱ्हा. एक म्हणती तोंडावर पाणी मारा, एक म्हणती कांदा हुंगवा, एक नुसतीच वरडती, आन् चौथी, जिला तात्यांचा आजार ठाऊक होता, ती म्हणती शुगर वाढली, शुगर वाढली, गोड काय दिऊ नका.

माझी स्वरा उंबऱ्यावर बसली होती. अडीच वर्षांची हाय. मुठीत गुळाचा खडा, चोखून चोखून चिकाट केलेला. मी तिची मूठ उघडली आन् खडा वढून घेतला. पोरीनं जी आरोळी ठोकली म्हणता. मी खडा तात्यांच्या तोंडाकडं नेतीय तवर त्या बाईनं माझं मनगट धरलं.

"अगं येडे, शुगरच्या माणसाला गूळ घालून मारतीस काय?"

मला एकच आठवत होतं. माझी आत्या इंदापूरला असती, तिलाबी शुगर. ती अशीच अंगणात पडली होती तवा सिस्टरनं आमाला सांगितलं होतं, घाम गार आन् हात थरथरत आसंल तर साखर उतरलीय, आधी गोड द्या, मग बाकीचं बघा. मनगट सोडवलं. चिमटी चिमटी गूळ त्यांच्या गालाच्या आत लावत बसले. घोट गिळत्यात का ते बघायचं आन् परत लावायचा. रिक्षा येईतवर त्यांनी डोळं माझ्याकडं वळवलं आन् म्हणाले, "माझी टोपी कुठाय?"

हितवर मी शहाणी ठरले. सगळ्या बाया म्हणाल्या बया, पोरगी हुशार हाय. पर मला लिहायचंय ते हे न्हाय. मला पुढचं लिहायचंय. त्याला आधी डंक समजला पाहिजे.

बारामतीत आमचा डंक हाय. मंजी माझा न्हाय, शोभाकाकीचा. मी कामाला. डंक मंजी कांडपाची मशीन, खाली उखळं, वर लोखंडी मुसळं, मोटारीवर वर-खाली आपटत्यात. चक्कीत मसाला दळला तर तापतो आन् वास उडतो, म्हणून बाया कुटूनच नेत्यात. उन्हाळ्यात मिरचीचा हंगाम, तवा सकाळी सातपासनं पाट्यांची लाईन. मग दिवाळीच्या आधी थोडी गडबड. मी आठवी शिकले, लग्न करून हितं बारामतीजवळ पिंपळीत आले, आमचे हे इंदापूरला हायवेवर ट्रकच्या गॅरेजात हायत, आठवड्यातनं दोनदा घरी येत्यात. घरी पोरीला बघायला कुणी न्हाय. शोभाकाकी म्हणाली, आण हितंच, मागच्या खोलीत झोळी बांध. पोरीला घेऊन कामाला या म्हणणारं दुसरं कोण हाय बारामतीत? हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

गिऱ्हाईक बघायचं तर डंकावर यावं. एक मावशी येती ती मशीनपासनं हलत न्हाय, तिला वाटतं मी तिच्या लवंगा काढून घेईन. मोजून आणती आन् डोळ्यानं मोजती. मी एकदा म्हटलं, मावशी, कुटल्यावर परत मोजायच्यात काय? तवापासनं ती माझ्याशी बोलती तरी. एक नवी सून आली होती, म्हणती मला सासूबाईंसारखा मसाला करून द्या. म्हटलं त्या काय काय घालत्यात? तर म्हणती, तेच तर त्या सांगत न्हाईत. तिच्या रुमालात घरातला चमचाभर मसाला बांधून आणला होता, चोरून. मी जिभंवर ठेवला, दगडफूल जास्त होतं आन् खोबरं काळं होस्तवर भाजलं होतं. म्हटलं तुझी सासू सोलापूरकडची हाय. तर तिनं डोळंच मोठं केलं. आमच्या इंदापूरकडं काळं तिखट खात्यात, हितं बारामतीत कांदा-लसूण. भाजणीवरनं गाव कळतं.

आता दालचिनी. बाजारात दोन येत्यात. एक जाड सालीची, लाकडाच्या ढलपीगत, एकच वळण, तांबूस, चावली की तिखट-गोड. दुसरी पातळ, पापुद्र्यावर पापुद्रा, विडी वळल्यागत, बोटानं चुरा हुती, वास मऊ. ती लई महाग. आमच्या डंकावर जाडीलाच मान. मिरचीबरोबर कुटायला टिकती, तेलात वास धरून राहती. पातळ साल बाया हातात घेऊन म्हणत्यात, हे काय फोलपाट दिलंय. एकदा वाण्यानं पातळ पाठवली होती तर मी सोता ती परत घेऊन गेले आन् त्याला म्हटलं, पापुद्रे काय विकता, दालचिनी द्या. मसाल्यातलं मला कळतं याचा लई गर्व होता मला. मोडताना आवाज कसा येतो त्यावरनं मी साल जुनी का नवी सांगते. दुसऱ्याच झाडाची साल कुणी मिसळली आसंल तर चावली की पांचट लागती, ती बाजूला काढते. आजवर त्यात मी चुकले न्हाय.

तात्या आमच्या पिंपळीतलेच. कारखान्यात बॉयलरवर होते, आता रिटायर. बायको गेली, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात सून आन् नातवंडं. दोन वर्सामागं घरचा मसाला कुटायला आले तवा मी दालचिनी निवडत होते. म्हणाले, वास झकास हाय. मी म्हटलं, तात्या, माझी आत्या चहात टाकती चिमूटभर, शुगरला गुण येतो म्हणती. एवढंच बोलले मी. एक वाक्य.

पुढच्या सोमवारी तात्या पहिल्या एसटीनं हजर. पाव किलो दालचिनी कुटून दे म्हणाले.

आमच्याकडं रीत हाय. रात्री डंक पुसून ठेवायचा आन् सकाळी पहिला घाणा हळदीचा नायतर औषधाचा. एकदा का मिरची पडली की मग दिवसभर सगळ्याला तिखट लागतं. तर सोमवारचा पहिला घाणा तात्यांचा, हे ठरूनच गेलं. त्यांच्यासाठी मी चांगली जाड जाड साल निवडून ठेवायची. सगळ्यात झणझणीत. चाळून वर राहिलेली भरडबी ते पुडीत बांधून न्यायचे, चहाला. सोमवारी तात्या यायचे, पोत्यावर बसायचे, स्वराला खिशातनं शेंगदाणं द्यायचे, मला कारखान्यातलं सांगायचे, बॉयलर कसा आवाज बदलतो आन् त्यावरनं कसं कळतं. म्हणायचे, तू सालीचा आवाज ऐकतीस, मी वाफंचा ऐकायचो, आपण एकाच जातीचे कामगार.

दोन-तीन महिन्यानं म्हणाले, रिपोर्टात थोडी उतरली. त्यांनी चहातली साखर सोडली होती, रोज सकाळी गावात चालायला जायचे, ते कुणी धरलं न्हाय. दालचिनीला धरलं. मग त्यांनी एकाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला, असं करत सहा-सात म्हातारी माणसं माझ्याकडं यायला लागली. किती घ्यायची? मी सांगायची, उपाशीपोटी एक चमचा, कोमट पाण्यातनं. मला कुणी सांगितलं होतं? कुणीच न्हाय. आत्या तर चिमूट घ्यायची. पर माणसं पुढ्यात उभी राहून विचारायला लागली की चिमूट म्हणायला जीभ वळत न्हाय, चमचा म्हटलं की औषध वाटतं. शोभाकाकीनं डंकाच्या बाहेरच्या पाटीवर रंगानं लिहून घेतलं, औषधी पावडर करून मिळेल. गिऱ्हाईकं मला डॉक्टरीणबाई म्हणायची, हसून. मीबी हसायची. पर आतनं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आठवीत शाळा सुटलेल्या पोरीला कुणी काय इचारत न्हाय हो.

त्या सोमवारी तात्या आले ते गप-गप. शेंगदाणं दिलं न्हाईत. मी म्हटलं काय झालं. म्हणाले, उद्या रक्त तपासायचंय. डॉक्टर मागं म्हणाला होता, या वेळी कमी आली न्हाय तर इंजेक्शन चालू करू, रोजचं, पोटावर. तात्यांनी बॉयलरची आग बघितली, पर सुईला भ्यायचे. पोरासारखं भ्यायचे. हळूच म्हणाले, "कालपासनं पाण्यावर हाय. गोळी घेतली सकाळी. तुझी पावडर तीन चमचे घेतली. उद्या कशी वर येती तेच बघतो."

मी काय म्हणाले ठाऊक हाय? मी म्हणाले, तात्या, तुमी पण. आन् हसले. आन् डंक चालू केला. त्यांचाच घाणा होता. तो निघायच्या आधी ते कलले.

दवाखान्यात सलाईन लावलं, घटकाभरात तात्या उठून बसले. त्यांची सून वैशालीताई स्कुटीवरनं आल्या, केसाचा अंबाडा सुटलेला, घाबऱ्या. डॉक्टर तरणे होते. त्यांनी आधी मलाच विचारलं, गूळ कुणी दिला? मी म्हटलं मी. म्हणाले, फार बरं केलंस, तू वाचवलंस यांना. वैशालीताईंनी माझा हात धरला. काकुळतीनं धरला.

मग डॉक्टर तात्यांकडं वळले. सकाळी काय खाल्लं होतं?

तात्या म्हणाले, "भाकरी. शेंगदाण्याची चटणी."

गोळ्यांशिवाय दुसरं काय घेता? काढा, झाडपाला, कुणी दिलेली पावडर?

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. अगदी थोडं. चादरीवर हात होता, त्याची दोन बोटं हलली, गप म्हणून.

"काय न्हाय," तात्या म्हणाले.

मी पोरीला कडेवर घेऊन खाटंपाशी उभी. माझ्या एकटीला ठाऊक होतं की भाकरी खोटी हाय आन् पावडर खरी हाय. डॉक्टर कागदावर लिहायला लागले. मला वाटलं आता बोलू. तेवढ्यात फोन वाजला, शोभाकाकीचा. बाहेर गेले. काकी म्हणाली कसं हायत, म्हटलं बरं हायत. मग म्हणाली, "हे बघ, आपल्या दालचिनीचं नाव तितं काढू नको. आपण मसाला कुटतो, माणसं न्हाय. उगं नाव झालं तर डंकाला कुलूप लागंल, मग तू कुठं आन् तुझी झोळी कुठं."

ती वाईट बाई न्हाय. तिच्या जागी ती बराबर होती.

मी आत गेलेच न्हाय. व्हरांड्यात बाकड्यावर बसले. स्वरा म्हणत होती, माझा गूळ, माझा गूळ. मला वाटत होतं सगळ्यांना ऐकू जातंय. मनात म्हणत होते, बसलेत की उठून, बोलत्यात की, आता काय हुतंय. डंकावर चार बाया वरडत होत्या, मनगट धरलं होतं, तवा मला पळभरबी लागला न्हाय. आन् हितं कुणी वरडत न्हाय, कुणी धरलं न्हाय, पंखा फिरतोय, तर तोंड उघडंना. अर्धा तास गेला. जास्तच गेला आसंल.

तात्यांनीच घरी जायचा हट्ट धरला. खाऊन-पिऊन आलो होतो म्हणत्यात, बोलत्यात-चालत्यात, मग सोडायचं ठरलं. वैशालीताई स्कुटी आणायला गेल्या. तात्या भिंतीला धरून पायऱ्या उतरत होते आन् उतरता उतरता सदऱ्याचं बटण लावत होते. लावत होते, लावत होते, बटण काजात जाईचना. मी जवळ गेले. कपाळावर परत तोच घाम.

मग मी बोलले. वरडूनच बोलले. ह्यांनी कालपासनं खाल्लं न्हाय, उपाशीपोटी गोळी घेतलीय, दालचिनीची पावडर तीन चमचे घेतलीय, रोज घेत्यात, दोन वर्सं, मी दिलीय. सगळं एका दमात. सिस्टर धावल्या, तात्यांना परत खाटंवर नेलं, परत सलाईन.

नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन बसले. रागावले न्हाईत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, दालचिनीनं एवढी साखर उतरत न्हाय, खरं कारण उपाशीपोटी गोळी. ती गोळी अंगात दिवसभर काम करती, सलाईन संपलं की साखर परत खाली येती. पोटात काय न्हाय हे कळलं असतं तर मी सोडलंच नसतं. मग विचारलं, कुठली दालचिनी? मी म्हटलं चांगली, जाड सालीची, निवडून. ते म्हणाले, मसाल्यात, भाजीत ती ठीक हाय, पर तीच चमचा-चमचा रोज वर्सानुवर्सं पोटात गेली तर काहींच्या लिव्हरला बाधती. पातळ सालीत ते बाधणारं कमी असतं. पर तीबी गोळीच्या जागी औषध म्हणून न्हाय.

पापुद्रे काय विकता, म्हटलं होतं मी वाण्याला. जे चांगलं म्हणून तात्यांसाठी निवडून ठेवत होते, हंगामात दुसऱ्याला देत नव्हते, तेच नको होतं. मला मसाल्याची अक्कल होती. ती मी औषधाला लावली.

वैशालीताई वरडल्या न्हाईत. एवढंच म्हणाल्या, "आमी सगळं घर ह्यांच्यापायी बिनगोडाचं खातोय, पोरं वाढदिवसाला केक मागत न्हाईत. आन् तुमी दोघं सोमवारचं हे करत होता." या वेळी त्यांनी माझा हात धरला न्हाय.

तात्यांचं लिव्हर तपासलं, बरं निघालं. पर सुई चालू झाली. गोळ्या वैशालीताईंच्या कपाटात गेल्या आन् तात्यांचं एकट्यानं एसटीनं बारामतीला येणं बंद झालं. शोभाकाकी पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एक दिवस सोताच खुरप्यानं पाटीवरची ती ओळ खरडून काढली. कामावरनं काढलं न्हाय मला. झोळी हाय अजून. बाकीच्या सहा जणांच्या घरी मी पोरीला घेऊन गेले, चमचा सोडा, डॉक्टरला विचारा म्हणून सांगितलं. चौघांनी ऐकलं. एक आबा म्हणाले, आता तूच दिलीस आन् तूच न्हाय म्हणतीस, तुझं खरं कुठलं? एक मावशी दुसऱ्या डंकावर जायला लागल्या.

परवा सोमवारी तात्या आले. वैशालीताई बरोबर होत्या, दिवाळीचा मसाला कुटायचा होता. खोबरं कमी पडलं म्हणून त्या समोरच्या दुकानात गेल्या. तात्या त्याच पोत्यावर बसले. स्वराला शेंगदाणं दिलं. मी म्हटलं, तात्या, सुई लई दुखती का? म्हणाले, न्हाय गं, मुंगीएवढीच. उगं भ्यालो.

मग डंकाकडं बघितलं. बंदच होता तो, पुसलेला.

"मी तुझं झाकलं होतं पोरी," म्हणाले. "तू माझं उघडं केलंस."

मी म्हटलं, तात्या, तुमी परत पडला असता.

"पडलो असतो. तू बोललीस त्याचं मला काय वाटत न्हाय. खाटंपाशी बोलली असतीस तर मीबी व्हय म्हणलो असतो, सुनंच्या म्होरं." टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर तू पायरीपर्यंत थांबलीस. ते माझ्यासाठी थांबलीस का डंकासाठी, तेवढंच मला कळंना."

त्यांनी माझ्या पाटीतली एक साल उचलली, जाड, कानापाशी नेऊन मोडली, आवाज ऐकला. नवी होती. म्हणाले, मसाल्यात किती घालायची? मी म्हटलं, एवढ्या मसाल्याला दोन बोटं लांबीचा तुकडा, बास. त्यांनी दोन बोटं मोजली आन् उरलेली परत माझ्या पाटीत टाकली.

वैशालीताई खोबरं घेऊन आल्या. मी डंक चालू केला. मग काय बोलायचं राहिलंच न्हाय, त्या आवाजात ऐकू येत न्हाय.

मी लई विचार केला. रात्री झोळी हलवताना करते, साली निवडताना करते. आमच्या हितल्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम दरसाल मसाल्याला येत्यात, त्या म्हणाल्या, बोलतीस तसं लिही, वाचणाऱ्यांना विचार. म्हणून विचारते. कडेवर पोर हाय, फोनवर मालकीण हाय, खाटंवरचा माणूस सोताच बोटं हलवून गप म्हणतोय, आन् डॉक्टर आत्ताच म्हणालाय की तू वाचवलंस. तुमी असता तर खाटंपाशीच बोलला असता का?